शिसवी राजाची एका घराची चाल

मित्रांनो, मी बुद्धिबळातला एक जुना, शिसवी राजा आहे. कल्याणच्या एका सुताराने मला कातले आणि ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरे असलेल्या पंढरीनाथांनी घरी नेले. दुपारी ते आणि त्यांची सून कलावती ओटीवर खेळत. खारा वारा येई, डोळे जड होत आणि वाटे, आमचा पट पाण्यावर तरंगतो आहे.

त्यांचा खेळ देशी होता. त्यात प्यादे एकच घर चाले. शह न बसलेल्या राजाला मात्र दर डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. मला त्या उडीची स्वप्ने पडत.

१९५४ साली ठाण्यात नव्या नियमांची स्पर्धा भरली. जिंकणारा पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. आम्हाला घेऊन कलावती खेळायला गेली आणि शेवटच्या डावापर्यंत पोचली. समोर वकील दौलतराव होते.

"वहिनी, डाव लांबेल हं," ते हसले.

"चुलीवर भात ठेवून आलेय. लवकर आटपा."

दौलतरावांनी राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. तिनेही तेच केले. मग घोडे निघाले, उंट निघाले. त्यांच्या एका उंटाने पटाच्या कडेवरून असा नेम धरला, की मला हत्तीच्या आडोशाला नेणारा किल्लेकोट करता येईना. कलावतीने मला उचलले आणि जुन्या सवयीने घोड्याच्या उडीने नेले. क्षणभर मी हवेत होतो.

"वहिनी, ही उडी इथे नसते," दौलतराव हळूच म्हणाले. "पण राजाला हात लागलाय, आता तोच चालवावा लागेल."

"चालवते."

तिने मला उंटाच्या नेमाबाहेर, तिरपे एकच घर पुढे ठेवले. मी उघड्यावर आलो. लोक कुजबुजले, की आता बाई हरणार. ती मात्र शांतपणे मारामारी करत गेली. वजीर गेले, हत्ती गेले, पट सुना झाला. तेव्हा त्यांचा राजा दूर कोपऱ्यात होता आणि मी मधोमध. एकेक घर चालत मी आमच्या प्याद्याला शेवटच्या घरापर्यंत सोबत केली आणि तिथे ते वजीर झाले.

दौलतरावांनी हार मानून आपला राजा आडवा केला. "पुण्याला जपून खेळा. तिथे कुणी हळूच सांगणार नाही."

पुण्याला सोंगट्या तिथल्याच होत्या. मी घरी राहिलो. पुढे आमची पेटी माळ्यावर गेली आणि दमट हवेने माझा मुकुट तडकला. मित्रांनो, खेळ संपला की आम्हाला पुसून, कोरड्या कापडात ठेवा. आणि खेळताना आधी नीट पाहा, मगच हात लावा. तुमचे बोट लागले, की आम्हाला निघावेच लागते.