आठव्या पिशवीतलं घर

प्राध्यापक धनराज बोरस्ते इजिप्तला कधी गेले नव्हते. घोटीच्या पुढे गेलं की त्यांना गाडी लागायची. पण तीन हजार वर्षांपूर्वी नाईलकाठच्या गवंड्यानं कशाबरोबर भाकरी खाल्ली, हे ते काल शेजारी बसून जेवल्यासारखं सांगत. नाशिकच्या त्यांच्या कॉलेजात एक वाक्य भिंतींनाही पाठ झालं होतं. "थडग्यातल्या चित्रात नवरा-बायको खांद्यावर हात टाकून बसलेले दिसतील. घरात काय चालायचं ते उकिरड्याला विचारा. उकिरडा खोटं बोलत नाही!"

दोन हजार एकच्या जूनमध्ये त्यांनी प्रात्यक्षिकच काढलं. आठ घरांचा आठवड्याचा कचरा घंटागाडीत जाण्याआधी पिशव्यांत भरून आणायचा, वर फक्त नंबर, आणि मुलांनी त्यावरून घर ओळखायचं. आठवं घर मिळेना, तेव्हा सरांनी वर्गाला न सांगता स्वतःच्याच घरची पिशवी आणली. आणली म्हणजे काय, हौसेनं आणली. 'सुसंस्कृत, समतावादी दांपत्य' असा निकाल प्राचार्यांच्या देखत लागावा, ही त्यांची फार इच्छा. प्राचीन इजिप्तमधल्या स्त्रीच्या दर्जावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं आणि ते 'सहचारिणी वत्सला हिस' अर्पणही केलं होतं.

आठवी पिशवी कळवणच्या हर्षालीला मिळाली. माश्या हाकलत तिनं सगळं वर्तमानपत्रावर मांडलं.

"सर, घरात माणसं दोन. पुरुष लय हौशी. कलपाची पाकिटं दोन, काळ्या झालेल्या टूथब्रशला आखूड केस. दुसरी बाई. हे तिचे गुंतवळ, लांब अन् पांढरे. आता आंबे. साली सुरीनं काढल्यात, म्हणजे फोडी कुणीतरी बशीत घेऊन खातंय. कोयी चौदा, पार पांढऱ्या होईस्तोवर चोखलेल्या. सगळ्यांवर दात एकाच माणसाचे, पुढचा एक पडलेला."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. वत्सलाबाईंचा दात दिवाळीत पडला होता आणि त्यांना डॉक्टरकडे न्यायला सरांना अजून सवड झाली नव्हती.

"मग निष्कर्ष?" प्राचार्यांनी विचारलं.

"मालक विधुर असणार. बाई मोलकरीण. बायको असती तर एखादी तरी कोय त्याच्या वाट्याला गेली असती."

"साफ चूक!" सर ओरडले.

"कशावरून, सर?"

सांगणार कशावरून? कबूल करावं तर अब्रू जाते, न करावं तर बायको जाते. सरांनी अब्रू ठेवली आणि हर्षालीला दहापैकी दहा दिले.

घरी आल्या आल्या वत्सलाबाईंनी विचारलं, "काय निघालं हो आपल्या पिशवीत?"

"सुखी जोडपं, म्हणाली पोरं."

"बरं झालं बाई." त्यांनी आंबा कापला, फोडींची बशी सरांपुढे ठेवली आणि कोय उचलली.

सरांना ते बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बशी पुढे सरकवली. "अगं, तू घे ना फोड."

वत्सलाबाईंनी आधी बशीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"का हो, आंबट निघाला?"