हिरव्या कोटातली पाहुणी

"आई, ही तर तुझ्या स्वेटरवरची मांजर!"

नातीनं पुस्तक जेवणाच्या टेबलावर असं आपटलं की पाण्याचा पेला थोडक्यात वाचला. सगळे वाकून बघू लागले. हिरवा कोट, हातात मिटलेली छत्री, पावसात भिजलेल्या मिश्या. तीच मांजर सुनेच्या स्वेटरवर विणलेली होती, छत्रीच्या वाकड्या मुठीसकट.

डिंकबाईंनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

डिंकबाई हे नाव त्यांना वाचनालयातल्या मुलांनी ठेवलं होतं. बालविभागातली फाटकी पुस्तकं दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि नखांच्या कडांना डिंक कायमचा वस्तीलाच होता. एखाद्या पुस्तकातलं चित्र मनात भरलं की त्या ते चौकटीच्या कागदावर उतरवून घेत आणि घरच्यांच्या स्वेटरवर विणत. यंदा मुलाच्या स्वेटरवर लाकडं वाहणारी खार होती, नातीच्या स्वेटरवर बादलीत बसलेलं खारीचं पिल्लू, आणि सुनेच्या वाट्याला ही मांजर. सगळं एकाच पुस्तकातलं.

"कुठून आणलंस गं हे?"

"तुझ्याच वाचनालयातून. तिथल्या बाई म्हणाल्या, तुझ्या आजीनंच नवंकोरं करून दिलंय."

रद्दीतून विकत आणलेली घरातली प्रत डिंकबाईंनी लोकरीच्या ट्रंकेत तळाशी दडवली होती. वाचनालयातल्या प्रतीची पानं निखळली होती, म्हणून ती कुणाला मिळत नव्हती. गेल्याच आठवड्यात ती त्यांच्या टेबलावर आली आणि हात सवयीनं कामाला लागले. सुटं पान दिसलं की त्यांना राहवत नसे. एकेक पान बसवलं, कणा चिकटवला, वर वजन ठेवलं. हे पुस्तक आता पुन्हा मुलांच्या हाती जाईल, एवढी साधी गोष्ट काही डोक्यात आली नाही. धोंडा स्वतःच उचलला आणि स्वतःच्याच पायावर पाडून घेतला.

"उद्या वाच हं. जेवण गार होतंय."

"वाचू दे की," मुलगा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधारात तेलकट तारांशी झटून आल्यावर लेकीची कुठलीही बडबड त्याला गोड लागायची.

नात बोट ठेवून वाचू लागली. "'खारींच्या घरी पावसात एक पाहुणी आली. म्हणाली, आजची रात्र राहू का? खारूआजी म्हणाली, राहा. दुसऱ्या दिवशी पाहुणी खारूआजीच्या खुर्चीत बसली. मग तिनं पडदे बदलले. मग तिनं आजीचं टेबल बाहेर फांदीवर ठेवलं.'" ती थांबली आणि एकदम खूश झाली. "आपण आजीचं टेबल बाल्कनीत ठेवलं ना, तस्संच!"

मुलगा हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

"पुढे वाच ना," सून शांतपणे म्हणाली.

"'खारूआजी माळ्यावर राहायला गेली. आणि घर मांजरीचं झालं.' संपलं."

"छान वाचलंस हो," सून म्हणाली.

तिनं प्लेटा गोळा केल्या. उठताना तिचा हात एकदा स्वेटरवरून फिरला, सांडलेला कण झटकावा तसा.

मुलगा आणि सून वर्षापूर्वी राहायला आले होते. भाड्याचं घर सुटलं, नातीची शाळा इथून जवळ, आणि डिंकबाईंनीच तर बोलावलं होतं. पण बोलावणं वेगळं आणि खिडकीजवळची आपली खुर्ची पॅसेजमध्ये गेलेली बघणं वेगळं. सून काही वाईट वागली नव्हती. नातीच्या अभ्यासाला उजेड हवा, म्हणून तिनं विचारूनच खुर्ची हलवली होती. डिंकबाई तोंडभर "हो गं, हलव की" म्हणाल्या आणि मनात कुढत बसल्या. हिवाळ्याच्या तोंडावर रद्दीच्या दुकानात ते पुस्तक हाती लागलं. मांजर बघताच त्यांना हसू फुटलं. कुणाला कळणार होतं? रंग इतके सुरेख की लोक वाहवाच करणार. भांडण नको, तोंड वाजवणं नको, सुयांनीच सगळं बोलायचं. तो स्वेटर विणताना त्यांच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला होता.

आणि सून? तिनं स्वेटर घातला आणि आरशासमोरून हलेचना. "मला आजवर कुणी हातानं काही विणून दिलं नव्हतं, आई," म्हणाली. चष्म्याच्या दुकानात ती रोज तो घालून जायची. गिऱ्हाइकं डोळे तपासायला बसायची आणि आधी मांजरीचं कौतुक करायची. घरी येऊन ती ते सगळं सांगायची, तेव्हा डिंकबाई काहीतरी निमित्त काढून उठून जायच्या.

पुस्तक वाचून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सून अंगावर शाल घेऊन कामावर गेली. तिसऱ्या दिवशीही शालच. बोलणंचालणं नेहमीसारखं, "आई, औषध घेतलंत का?" हेसुद्धा न चुकता. चार शब्द फाडफाड बोलली असती तर बरं झालं असतं. डिंकबाईंना तिच्यासमोर मान वर करवेना. भांडी घासायला दोघी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी नळाच्या आवाजाआड धीर केला.

"ते चित्र मी आपलं रंग बघून घेतलं होतं गं. गोष्ट काही लक्षातच नव्हती."

"हो आई."

आपण खोटं बोललो, आणि ते तिला कळलं, आणि तरी ती हो म्हणाली. कानशिलं तापली.

"दुसरा विणते तुला. चित्र तू सांग."

"कशाला? तुमची बोटं दुखतात थंडीत." सुनेनं हात पुसले. "मला सांगायचंत ना आई, खुर्चीचं. मी काय नाही म्हणणार होते?"

डिंकबाई धुतलेलंच ताट पुन्हा घासत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातून परतल्या तर खुर्ची खिडकीजवळ होती. बाल्कनीतलं टेबलही आत आलेलं, पुसून लख्ख केलेलं. नात वह्या घेऊन पॅसेजच्या दिव्याखाली बसली होती. "आईनं सांगितलं, ही आजीची जागा आहे," ती म्हणाली, जणू नवा खेळ असावा. डिंकबाई पिशवी हातात धरून उभ्याच राहिल्या. वर्षभर ज्या खुर्चीसाठी जीव जळला तिच्यात बसायला त्यांचे पाय धजेनात. शेवटी त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी डोळे पुसले.

मग एका सकाळी थंडीनं कहर केला. श्वासाची वाफ दिसत होती. दोघी बसथांब्यावर आल्या तेव्हा सुनेनं शाल सैल केली आणि डिंकबाईंना आत हिरवं दिसलं. स्वेटर होता. पण उलटा.

"अगं, उलटा घातलायस."

"माहितीय. शालीनं भागेना. ऊब चांगली आहे याला." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तोच शोधत होत्या त्या. "चित्र आत राहील. मला नाही आता बघवत ते."

रांगेतली एक बाई पुढे झुकली. "अहो, तुमचा स्वेटर उलटा झालाय."

"असू दे. आमच्या सासूबाईंनी विणलाय," सून म्हणाली.

त्या बाईनं एकदा स्वेटरकडे बघितलं, एकदा डिंकबाईंकडे.

डिंकबाईंच्या विणकामाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच नेटकी, अशी त्यांची ख्याती होती. लोकरीचं प्रत्येक टोक त्या आत ओवून घेत, गाठ अशी दिसू देत नसत. मुलाचा स्वेटर, नातीचा स्वेटर कुठूनही उलटून बघावा. पण हा त्यांनी नुसता हसत हसत, घाईघाईनं संपवला होता. मागून कोण बघतंय म्हणून टोकं तशीच सोडली होती. आता भर रस्त्यात ती सगळी बाहेर होती. मांजर ओळखू येत नव्हती, छत्रीही नाही. नुसता गुंता, गाठी आणि लोंबणारे धागे.

बस आली. गर्दीत सून आधी चढली, एक जागा तिनं पिशवी टाकून धरली आणि मागे वळली.

"आई, इकडे या. बसा."

"तू बस गं."

"बसा म्हणते ना. माझा हात पोचतो वरच्या दांडीला."

डिंकबाई बसल्या. बस हलली तशी सून दांडीला धरून त्यांच्याशेजारी उभी राहिली. शाल खांद्यावरून मागे सरकली होती. एक हिरवा धागा डिंकबाईंच्या डोळ्यांसमोर लोंबत होता, वळणावळणाला हलत होता. त्यांनी हात वर नेला, धागा बोटांत धरला, आणि आत खोचायला सुई नाही म्हणून तसाच धरून बसल्या.