घर्षण शून्य मानू

जावयाला बोलायचं नसतं, आन् धोंड्याच्या महिन्यात तर न्हाईच न्हाई. हा नेम कुनी केला ठावं न्हाई, पर ज्येनं केला त्येच्या घरी पिठाची गिरनी नसनार.

माझी हाय. काष्टीच्या बाजारतळाला लागून, पत्र्याची. मालक जाऊन तीन वर्सं झाली, तवापासनं इंजनबी मीच चालवते आन् दळनबी मीच टाकते. माझ्या दिराला, कारभारीभावजींना, हे पहिल्यापासनं बघवत न्हाई. मालकाच्या दहाव्यालाच भावकीफुडं म्हनले, "बाईच्या हातात इंजन टिकायचं न्हाई. ज्या बाजाराला गिरनी बंद पडंल, तितनं फुडं ती मी चालवनार." समद्यांनी माना हलवल्या. मीबी म्हनले, "बरं." रागाच्या भरात म्हनले, पर म्हनले. तितनं फुडं माझा येक बाजार चुकला न्हाई.

औंदा, बाहात्तर साली, धोंड्याच्या महिन्यात माझी मुक्ता आन् जावई आले. जावई राधाकृष्ण, पुन्याला इंजनेरीच्या कॉलेजात शिकिवत्यात. काय शिकिवता म्हनून मी लग्नातच इचारलं हुतं. म्हनले, "मामी, एखादी गोष्ट हलवली तर ती परत जागेवर येते का आणखी बिघडते, हे आधीच कसं ओळखायचं, ते शिकवतो."

"म्हंजी सासू," मी म्हनले.

मुक्तानं डोळे वटारले, जावई मातुर हसले. मानूस चांगला हाय. फकस्त हाताला काम नसलं की त्येंचं डोस्कं काम हुडकत फिरतं.

आल्या दिवशीच ते झालं. मी चुलीफुडं पुरनाची डाळ घोटत हुते, तवर जावयांनी गिरनीत जाऊन इंजन धुतलं. रॉकेलनं. आता इंजनावर दोन लोखंडी गोळे गरगर फिरत्यात, त्येला गव्हर्नर म्हनत्यात. मुंबईतल्यावानी ह्यो बंगल्यात बसत न्हाई, दिवसभर राबतो. इंजन लई पळाया लागलं की गोळे फाकत्यात, दांडी वर उचलत्यात आन् डिझल कमी हुतं. इंजन मंदावलं की गोळे मिटत्यात, डिझल वाढतं. त्या दांडीवर कैक वर्सांचा काळा राडा बसलेला. जावयांनी तो खरवडला, दांडी आरशावानी लख केली, वर पातळ तेल सोडलं. हात पुसत मला म्हनले, "मामी, आता कुठं काही अडत नाही. अगदी मोकळं झालं."

दुसऱ्या दिवशी, गुरवारी, इंजन चालू केलं. उधळल्या बैलावानी पळालं, मंग धाप लागल्यावानी मंदावलं, परत पळालं. पळताना पीठ करपायचं, मंदावलं की भरडा पडायचा. दळन घिऊन आलेल्या रतनबाईनं चिमूट तळहातावर चोळली आन् म्हनली, "गोजरबाई, ह्यात पीठ कुठलं आन् कोंडा कुठला?"

मी जावयाकडं बघितलं. तोंडात आलेलं तोंडातच ठिवलं, वर साखर घातली. "जावईबापू, इंजनाला तुमचा हात सोसला न्हाई वाटतं."

जावई वही घिऊन बसले. शुक्रवारी दुपारपतूर नऊ पानं भरली. गोळे किती जड, स्प्रिंग किती ताठ, चाक किती मोठं, समदं मापलं. स्प्रिंग आवळली तर इंजन आनखीच उधळलं आन् पट्टा सुटून माझ्या कानाजवळनं गेला. ढिली केली तर चढउतार लांबले, पर थांबले न्हाईत.

"कागदावर सगळं बरोबर येतंय, मामी," ते म्हनले.

"मंग कागदावर दळू का?" माझ्या तोंडातनं निघूनच गेलं. मुक्ता उठून आत गेली.

तिसऱ्या पारी कारभारीभावजी आले. दारात उभं राहून कान लावला, तंबाखू मळली. "वहिनी, इंजनाला दमा झालाय. उद्या बाजार हाय न्हवं? किल्ली सापडंल अशी ठिवा."

खरं सांगते, मला भ्या वाटलं. गिरनी गेली तर भावजींच्या वट्यावर बसून ताटाची वाट बघायची, आन् मला वाट बघता येत न्हाई. कधीच आली न्हाई.

शनवारी दिस उगवायला मी गिरनी झाडाया गेले. कोपऱ्यात पोत्यामागं मालकाचं पायतान हाय. तीन वर्सांत मी ते हलवलं न्हवतं, भवतीनं झाडायचे. त्या दिवशी डाव्या पायतानाकडं ध्यान गेलं. टाचेत सुपारीयेवढं चौकोनी भोक. इंजन आनलं त्या साली मालकांनी हे नवंकोरं पायतान सुरीनं कापलं हुतं. मी तोंड सोडलं, दोन दिस त्येंच्याशी बोलले न्हाई. ते इतकंच म्हनले, "इंजनालाबी पायतान लागतं." मला वाटलं, थट्टा करत्यात.

मी जावयांना हाळी दिली. "दांडीपाशी चामडं हुतं का?"

"होतं. एक कुजका तुकडा. दांडीला नुसता घासत होता, म्हणून काढून..." ते तितंच थांबले. मंग वही उघडली, पार पहिलं पान, आन् मटकन पोत्यावर बसले.

"काय लिव्हलंय? वाचा."

"घर्षण शून्य मानू," जावई हळूच म्हनले.

"तुमी मानलं, जावईबापू. इंजनाला इचारलं हुतं का?"

दुसरा येखादा फुगून बसला असता. हे हसाया लागले, डोळ्यांत पानी येईस्तवर. मंग मला समजावून सांगितलं. दांडी घासते म्हनून गोळ्यांचा झोका जिरतो. घासलंच न्हाई तर झोक्याला झोका मिळतो. पुलाचं तेच, इमानाचं तेच, वीजघराचंबी तेच. परत्येकात येक आकडा असा असतो की तो जरा हलला तर शहानं यंत्र येडं हुतं.

"भावकीचंबी तेच हाय," मी म्हनले, "पर तितं घासनारे लई."

जुना तुकडा मीच केराबरोबर बंबात घातला हुता. नवा कापाया पायजे. जावई म्हनले, बाजारातनं चामडं आनतो. पर दारात बायांच्या पाट्या लागल्या हुत्या, आन् त्येंच्यामागं कारभारीभावजी. मी सुरी घेतली आन् पायतान मांडीवर. हात अडला. त्या दोन दिसांचं न बोलनं आता कुठं फेडू, असं वाटलं. मंग कापलं.

जावयांनी तुकडा बसवला आन् भीतीपायी गच्च आवळला. इंजन चालू झालं. धाप गेली, येक सूर लागला. पर मी रतनबाईचे गहू टाकले आन् इंजन दबाया लागलं. दांडी हलंचना, डिझल वाढंचना. टुक... टुक... आता जातंय का मंग जातंय. भावजींनी किल्लीसाठी हात फुडं केला.

"लई आवळलं," जावई पुटपुटले.

"मीठ जादा झालं व्हय? मंग कमी करा."

त्येंनी अर्धा आटा ढिला केला. इंजनानं येक दम घेतला, जोर धरला आन् सुरात लागलं. टुक टुक टुक. मालक असताना लागायचं तसंच. रतनबाईनं पीठ तळहातावर चोळलं आन् पाटी डोक्यावर घेतली. बाजार उठंस्तवर गिरनी थांबली न्हाई. मधी दुपारी भावजींनी आपलं दळनाचं पोतं रांगेत पार फुडं, मोकळ्या जागेवर ठिवलं. त्येंचाबी जावई सोमवारी यायचा हुता.

"मागं ठिवा, भावजी," मी म्हनले. "मालनबाईच्या मागं."

निघायच्या दिवशी मी जावयांना तेहेतीस अनारसे आन् चांदीची वाटी दिली. ते दारात घुटमळले. "मामी, धोंड्याच्या महिन्यात जाळीचं वाण देतात ना? मग ती डावी चप्पल द्या. आता दोन भोकं आहेत तिला. वर्गात टेबलावर ठेवीन, म्हणजे पुन्हा कुणी काही शून्य मानणार नाही."

"आन् गावाला काय सांगू? जावयाला पायतान दिलं म्हून?"

"सांगा. मिळायलाच पाहिजे होतं."

मला लई गोड वाटलं. तरीबी म्हनले, "न्हाई द्यायची." धोंड्याच्या महिन्यात जावयाला न्हाई म्हनायची ती माझी पहिलीच येळ. त्येंनी कारन इचारलं न्हाई, वाकून पाया पडले आन् मुक्ताला घिऊन येष्टीकडं गेले.

कारन सोपं हाय. चामडं झिजनार. पहिला तुकडा आठ वर्सं टिकला. डाव्या पायतानात अजून चार तुकडे निघतील, आन् मी हाय पन्नाशीची. तेवढ्यात माझं निघंल. उजवं कापाया लागायचं न्हाई.