आजोबांच्या हातातली ठकठक

मी एक जुना, भेगाळलेला रबराचा ठोकळा आहे. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये घट्ट बसवलेला. गॅरेजवाले मला इंजिनचं माउंटिंग म्हणतात. सध्या मी अशाच एका गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात, वाकड्या सायलेन्सरखाली पडून आहे. मित्रांनो, आता मला कुणी उचलूही नये असं वाटतं. फार दमलो आहे मी.

माझं काम ऐकाल तर तुम्हाला हसू येईल. गाडीचं इंजिन सांगाड्यावर नुसतं ठेवून चालत नाही. सुरू झालं की ते थंडी भरल्यासारखं थरथरतं. म्हणून ते आम्हा ठोकळ्यांवर बसवतात. आम्ही वजन पेलायचं, हादरे गिळायचे आणि सीटवर बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. साच्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो, टणक होतो आणि बराच शहाणाही समजत होतो स्वतःला. गाडी नवी असताना लोक म्हणायचे, "काय शांत चालते हो!" मी मनातल्या मनात फुगायचो. कौतुक मात्र रंगाचं आणि सीटच्या कापडाचं व्हायचं.

गाडी आजोबांची होती. त्यांनी उभं आयुष्य औषधांची व्हॅन चालवली होती आणि त्या नोकरीतली एक सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. गाडी उभी करायची ती तोंड रस्त्याकडे करूनच. बोलावणं आलं की लगेच निघता आलं पाहिजे. आता कसलं बोलावणं नि कसलं काय, पण सवय राहिली. घराचं फाटक रस्त्यापेक्षा उंचावर होतं. आजोबा रोज त्या चढावर गाडी उलटी चढवायचे. तेव्हा इंजिन माझ्या बाजूने उठू पाहायचं आणि मी त्याला दात-ओठ खाऊन खाली धरून ठेवायचो. त्यांची लेक मात्र गाडी सरळ आत घालायची. तेव्हा इंजिन माझ्यावर दाबून बसायचं. मला काय, दोन्ही सारखंच जड.

पुढे वरच्या एका झाकणातून तेल झिरपायला लागलं. थेंब नेमका माझ्या अंगावर. आजोबा एकदा म्हणालेही, "तेलाचा वास येतोय." कुणी मनावर घेतलं नाही. रबराला तेल म्हणजे विष, मित्रांनो. मी फुगलो, मऊ पडलो आणि एक दिवस मधोमध फाटलो. त्या दिवसापासून आजोबा गाडी उलटी चढवू लागले की इंजिन उचललं जायचं आणि लोखंडावर लोखंड आपटायचं. ठक!

"बाबा, परत फाटकाच्या पायरीला चाक आपटलंत!" लेक दारातून ओरडली.

"अगं, नाही आपटलं. आवाज पुढून आला."

"मग मी चालवते तेव्हा का येत नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ती सरळ चढवायची तेव्हा माझे दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जायचे आणि मी गप्प बसायचो. पण मला विचारतो कोण?

गाडी मिस्त्रीकडे गेली. गिऱ्हाइकाला बाहेर बाकावर बसवायचं आणि गाडी स्वतः मोठ्या रस्त्यावर फिरवून आणायची, ही त्याची पद्धत. सपाट रस्त्यावर मी कशाला वाजतोय? त्याने चाकं हलवली, बॉनेटवर भार देऊन गाडी खालीवर केली आणि शॉकअब्सॉर्बर बदलले. घरी आल्यावर चढावर पुन्हा ठक. पुन्हा मिस्त्री, पुन्हा मोठा रस्ता. "गाडीत काही नाही," तो म्हणाला, आणि सगळे आजोबांच्या हातांकडे बघू लागले.

"वय झालं की होतं असं, बाबा," लेक हळूच म्हणाली. "चावी माझ्याकडे राहू दे." ती मनाने वाईट नव्हती, घाबरली होती.

चावी तिच्या पर्समध्ये गेली. आजोबाच आजीला गाडीने न्यायचे, तेव्हा तिचं गुडघ्याच्या व्यायामाला जाणं बंद झालं, बहिणीकडे जाणंही. दुपारी आजोबा उभ्या गाडीत येऊन बसायचे. स्टिअरिंग धरायचे आणि स्वतःचे हात निरखत राहायचे. मी तिथेच, समोर, बॉनेटखाली होतो. दोन हात अंतरावरून एक माणूस स्वतःवरचा विश्वास घालवताना मी चार महिने पाहिला. इंजिन पेलण्यापेक्षा ते जड होतं.

शेवटी आजीचा पारा चढला. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती आजोबांना आणि लेकीला घेऊन गॅरेजात आली.

"आजी, सगळं तपासलंय हो," मिस्त्री म्हणाला.

"तुमच्या हाताने तपासलंत ना? आवाज यांच्या हातून येतो म्हणता, मग यांच्या हातूनच ऐका. तुमच्या दारात चढ आहेच. घेऊ देत मागे, घरी घेतात तशी."

मिस्त्रीच्या कपाळावर आठी पडली. गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसवायचं म्हणजे त्याच्या पद्धतीलाच सुरुंग! तरी त्याने बॉनेट उघडलं. आजोबांनी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि गाडी चढाला लागली. ठक!

"थांबा! परत घ्या, परत!" तो टॉर्च घेऊन वाकला. "अहो, माउंटिंग फाटलंय! आणि मी वेड्यासारखा चाकं हलवत बसलो."

गळती बंद झाली, माझ्या जागी नवा ठोकळा बसला आणि मी या डब्यात आलो. लेकीने चावी पुढे केली. आजोबांनी घेतली नाही.

"तूच चालव. मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

"घ्या हो," आजी म्हणाली. "मी बसतेय तुमच्या शेजारी."

त्यांनी गाडी उतारावरून खाली नेली आणि तिथून तोच चढ उलटा चढवला. काही वाजलं नाही. पुन्हा नेली, पुन्हा चढवली. मग इंजिन बंद करून त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते.

मित्रांनो, माझं काम नव्या ठोकळ्याने अर्ध्या दिवसात उचललं. आजोबांचे ते चार महिने कुणी भरून देणार नाही. तेव्हा एवढं करा. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर दुर्लक्ष करू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस "मी नाही केलं" म्हणालं, तर त्याच्या हातातली चावी काढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा.