माझा तडा सांधू नका

मी एक जुनी काशाची घंटा आहे. नगरपरिषदेच्या सभागृहात, अध्यक्षांच्या आसनाशेजारी, लाकडी चौकटीत छातीइतक्या उंचीवर मी टांगलेली आहे. काठापासून खांद्यापर्यंत माझ्या अंगावर एक तडा आहे. मित्रांनो, त्याची कीव करू नका. तो माझा अलंकार आहे.

मला घडवले ते एका परक्या ओतारी दांपत्याने. महापुरात या नगराने त्यांना आसरा दिला, त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी मला ओतले आणि बजावले, "हिला टोला देऊन मागितलेली इच्छा फळते. नाद आपोआप विरेपर्यंत मात्र हिला कुणी स्पर्श करू नये." तेव्हापासून प्रत्येक नवा अध्यक्ष पदग्रहणाच्या दिवशी मला टोला देऊन नगरासाठी काही मागू लागला. कुणी विहिरींना पाणी मागितले, कुणी साथीचा अंत. लोक मला घासूनपुसून लखलखीत ठेवीत.

पुढे मागणारे बदलले. एकाने मागितले, "विरोधकांची तोंडे बंद होवोत!" नाद विरला आणि समोरच्या बाकांवरील सदस्यांच्या ओठांच्या जागी सलग, गुळगुळीत कातडी आली. डोळे तेवढे आक्रोश करीत राहिले. टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच थिजले. त्या दिवशी भयाने माझ्यावर जाड कापड टाकण्यात आले, आणि त्याखाली कोळ्यांनी संसार थाटले.

ते कापड प्रथम उचलले ते सभागृह झाडणाऱ्या बाईने. युद्धातून जीव वाचवून ती सासूसह येथे आली होती. मला पुसताना ती म्हणे, "तुला भुताटकी म्हणतात, मला चोर. जमेल गं आपलं!"

मग परक्यांच्या द्वेषावर निवडून आलेला अध्यक्ष आला. त्याने माझ्यावरचे कापड भिरकावून दिले. वृद्ध शिपाई बाईच्या कानाशी कुजबुजला, "मावशी, सासूला घे आन् मागच्या दारानं सटक."

"सटकून जाऊ कुठं, दादा? ही इच्छा काय वेशीवर थांबणार आहे?"

"या नगरातले परके नाहीसे होवोत!" अध्यक्ष गरजला आणि त्याने टोला दिला.

नाद उठला. सभागृहाच्या दारातल्या पायरीवर बसलेल्या सासूची सावली प्रथम गेली. मग तिच्या पावलांतून खालचा दगड दिसू लागला. बाईने किंचाळून धाव घेतली आणि काचेसारख्या होत चाललेल्या हातांनी मला घट्ट कवटाळले.

"ए बाई, हात काढ!"

"नाही काढत! मारा काय मारायचं ते!"

त्याने संतापून दुसरा टोला हाणला. मित्रांनो, तो मला सोसला असता. मी तो सोसला नाही. मी फुटले! नाद अर्ध्यावर मेला, आणि माझ्याभोवतीच्या त्या हातांत पुन्हा ऊब आली.

पायरीवरून सासू ओरडली, "सूनबाई, माझी चप्पल कुठं गेली?" चप्पल तेवढी कायमची गेली होती.

आता मला वितळवून नव्याने ओतण्याचा ठराव मांडला गेला आहे. जुन्या वस्तू दुरुस्तीसाठी हात जोडतात. मी जोडणार नाही. माझ्यावरची धूळ पुसा, ती बाई आजही पुसते तशी; परंतु माझा तडा सांधू नका. आणि बळाने मला ओतलेच, तर त्या ओतणाऱ्यांनी ऐकून ठेवावे: द्वेषाचा तसला शब्द पुन्हा माझ्याजवळ उच्चारला, तर पहिल्याच टोल्याला मी पुन्हा फुटेन.