माहीत असलेली तार

मित्रांनो, हे भंगार इथे कुणी आणून टाकलं, असं तुम्हाला मला बघून वाटलं असेल. वाटू दे. मी एक जुनं हेलिकॉप्टर आहे. माझी शेपटी मोडलेली आहे, वरच्या पंख्याची दोन पाती गेली आहेत आणि कल्याणमधल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या पटांगणात मी विटांच्या ओट्यावर उभा आहे. मधल्या सुट्टीत मुलं माझ्या सावलीत बसून वडापाव खातात.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. मला चाकं नाहीत, दोन लांब लोखंडी दांड्यांवर मी उतरतो. ठाण्याच्या खाडीजवळ एका हेलिपॅडवर माझं घर होतं. तिथे आल्यावर माझ्या नाकावर वर एक आणि खाली एक अशी दोन पोलादी पाती बसवली. मला वाटलं, शोभेसाठी असतील. माझे पायलट कॅप्टन विनीत गुप्ते यांनी त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "देव करो आणि ह्यांची गरज कधी न पडो."

ती पाती तारा कापण्यासाठी होती. आभाळात आम्हाला वादळाचं भय असतं, पण त्याहून जास्त भय विजेच्या तारांचं. वादळ दिसतं तरी. तार दिसत नाही. ढगाच्या राखाडी रंगात ती अशी मिसळते, की पायलटला ती दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून पायलट तार शोधत नाही, खांब शोधतो आणि खांबाच्या डोक्यावरून पलीकडे जातो. विनीतसर हे प्रत्येक नवख्याला सांगायचे.

नऊ वर्षं मी कष्ट केले. पुढाऱ्यांना सभेला नेलं, नवरदेवांना मांडवापाशी उतरवलं, दोनदा हृदयाच्या रुग्णांना वेळेत मुंबईला पोचवलं. माझ्यासोबत फोटो काढायला गर्दी व्हायची. मागच्या दाराशी कायम कुंडलिकदादा असायचे. सामान चढवणं, उतरवणं, बाहेर बघून पायलटला सांगणं हे त्यांचं काम. कमी बोलणारा माणूस. कानावरच्या फोनमधून त्यांचा आवाज आला, की सरांचे खांदे सैल पडायचे.

मग तो जुलै आला. भातसा नदी फुगली आणि खडवलीच्या पुढची एक वाडी पाण्यात गेली. आम्हाला जेवणाची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या टाकायला पाठवलं.

सकाळची पहिली फेरी छान झाली. वाडीवर पोचताच सर म्हणाले, "तार. उजवीकडे, आंब्यामागे खांब आहे. तिथून नदीपलीकडे गेलीय."

"पाहिली, सर," कुंडलिकदादा म्हणाले.

आम्ही खांबावरून गेलो, शाळेच्या गच्चीवर पाकिटं टाकली आणि परत आलो.

दुपारी दुसऱ्या फेरीला वारा फिरला होता. वाऱ्याला तोंड द्यायचं म्हणून सरांनी मला नदीच्या बाजूने आणलं. तेवढ्यात वाडीच्या टोकाला एका घराच्या स्लॅबवर तीन जीव दिसले. एक म्हातारी, एक तरुण बाई आणि तिच्या कडेवर तान्हं बाळ. सकाळी ते आम्हाला दिसलेच नव्हते. म्हातारी लाल लुगडं दोन्ही हातांनी जोरजोरात हलवत होती.

"बोलावतायत बघा," सर म्हणाले. "बाळ आहे हो. दादा, दूध आहे ना आपल्याकडे?"

"आहे, सर."

आम्ही खाली आलो. अजून खाली. म्हातारी आता उड्या मारत होती.

आणि मित्रांनो, माझ्या तोंडावर कुणीतरी चाबूक ओढला.

वरच्या पात्याने एक तार कचकन कापली. तिच्याखालची दुसरी माझ्या दांड्यांत अडकली. मी पुढे ओणवा झालो, माझी शेपटी वर गेली, कशावर तरी आपटली आणि तुटली. आभाळ खाली गेलं, पाणी वर आलं. नंतर मी उंचवट्यावरच्या भाताच्या खाचरात कुशीवर पडलो होतो आणि माझ्या पोटात पाकिटांखाली कुंडलिकदादा कण्हत होते.

सर पट्ट्यात लटकलेले होते. हात अजून मला चालवायच्या दांडक्यावर. डोळे उघडे, पण ते कुठेच बघत नव्हते. पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "मला माहीत होती. तार मला माहीत होती."

मग त्यांनी समोर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. कापलेली तार त्या स्लॅबवर जाऊन पडली होती. बाळाच्या आईपासून हातभर अंतरावर.

तिच्यात वीज आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

"हलू नका!" सर ओरडले. "हात लावू नका! आहात तिथेच उभ्या रहा!"

म्हातारीने सुनेचा दंड घट्ट धरला होता. बाळ रडत होतं आणि सून त्याला दुसऱ्या कडेवर घ्यायलाही धजत नव्हती. ओल्या स्लॅबवर तिघं पुतळ्यांसारखी उभी. ज्यांना दूध द्यायला आलो होतो, त्यांच्या पायाशी आम्ही मरण टाकलं होतं. मी नऊ वर्षं आकाशात होतो, पण इतका लांब वेळ मी कधी पाहिला नाही.

छातीभर पाण्यातून विजेचा एक कामगार येताना दिसला. काळुराम त्याचं नाव. तो लांबूनच हात वर करून ओरडला, "बंद आहे! लाईन सकाळपासून बंद आहे! मी स्वतः बंद केलेली!"

सून मटकन खाली बसली. सरांनी कपाळ माझ्या काचेला टेकवलं आणि ते रडले.

वाडीतल्या लोकांनी सरांना पट्ट्यातून सोडवलं, घराचं दार उचकटून आणलं आणि त्यावर कुंडलिकदादांना घेतलं. त्यांचा उजवा पाय बघवत नव्हता. तेवढ्यात ती म्हातारी, सखुबाई, पाणी तुडवत आली. सर हात जोडून म्हणाले, "मावशी, माफ करा. तुम्ही बोलावत होतात, माझं सगळं लक्ष तिकडेच..."

सखुबाईने कपाळावर हात मारला.

"बोलवत नव्हतो रं बाबा! तार हाय, मागं फिर, आसं सांगत व्हतो. लुगडं फाटलं हलवून हलवून. तू तर आनखीन जवळ आलास!"

दारावर पडल्या पडल्या कुंडलिकदादांनी सरांची बाही ओढली.

"सर, एक सांगायचंय. मला तार आठवलेली."

"कधी?"

"आपण वळलो तेव्हाच. म्हटलं, सकाळी तुम्हीच दाखवलीत, तुम्हाला दिसत असेल. तुम्हाला काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो."

मित्रांनो, मी चिखलात पडलो होतो, माझं कंबरडं मोडलं होतं, पण मला खरा धक्का या वाक्याने बसला. एकाला तार माहीत होती आणि तो विसरला. दुसऱ्याला ती आठवत होती आणि तो बोलला नाही. जिला आम्ही अडाणी समजलो असतो, ती एकटीच ओरडत होती आणि तिचं आम्ही उलटंच ऐकलं.

पुढे चौकशी झाली. दोघांनीही आपापली चूक न लपवता सांगितली. मी दोन वर्षं एका शेडमागे ताडपत्रीखाली पडून होतो. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचलं, चिमण्यांनी घरटी केली, कुणीतरी माझे स्क्रूसुद्धा काढून नेले. मग विनीतसरांनीच धडपड करून मला इथे आणलं. आता ते उडतातही आणि दर शनिवारी इथे शिकवतातही. कुंडलिकदादांच्या पायात सळई आहे. ते काठी टेकत येतात आणि माझ्या मागच्या सीटवर बसतात. पुढे शिकाऊ पायलट बसतो. तो कितीही हुशार असो, दादा खिडकीबाहेर बघून त्याला बोलून दाखवतात, "खांब डावीकडे. तार समोर." जोवर तो "पाहिली" म्हणत नाही, तोवर ते थांबत नाहीत.

परवा दर्शना म्हात्रे नावाची एक शिकाऊ मुलगी हसत म्हणाली, "दादा, दर वेळी सांगितलं तर पायलट चिडेल ना?"

"चिडू दे की," दादा म्हणाले. "खाली उतरल्यावर दोन शिव्या देईल. पण खाली उतरेल तर खरा."

ती हसायची थांबली. तिने समोर पाहिलं. पटांगणाच्या कडेला दोन खांब होते आणि मधे नुसतं आभाळ दिसत होतं.

बाळांनो, माझ्या अंगाची काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी आता कुठे जाणार नाही. पण पुढे बसलेल्याला सगळं दिसत असेल, असं समजून कधी गप्प बसू नका. मग तो तुमचा बाप असो, बाई असोत, नाहीतर मोठा साहेब असो. आणि कुणी लांबून जीव तोडून हात हलवत असेल, तर ते आपल्याला बोलावणंच आहे असं धरून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा. त्याला नक्की काय सांगायचंय, ते आधी विचारा.