अकरावी बिडी

सांडूच्या दिवसाला दहा बिड्या ठरलेल्या असत आणि अकरावी वेळप्रसंगी. त्या दहाच्या दहा त्यानं तीन आठवड्यांत सोडल्या, आणि अकरावीपाशी येऊन अडला. सगळ्या बिड्या एकाच बंडलातल्या, धूर तोच, मग एकीचंच एवढं काय, असं ज्यांनी कधी ओढली नाही त्यांना वाटेल. वाटू द्या.

सांडू पडेगावच्या वाटेवरच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. वय बावन्न, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, तरी हुद्दा बॉयचाच. पेशंट मात्र त्याला मामा म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यानं माणसं या वॉर्डातून त्या वॉर्डात नेली, आणि जी गेली त्यांना मागच्या अंगाला, चढावरच्या शवागारात पोचवलं. या कामात त्याचा जोडीदार म्हणजे उस्मानपुऱ्याचा चांदपाशा. दोघांचा रिवाज ठरलेला होता. मयत आत ठेवायचं, दार लावायचं, हात धुवायचे आणि मागच्या भिंतीला टेकून एक-एक बिडी ओढायची. बोलायचं काही नाही. बिडी संपली की त्या माणसाशी आपलं काम संपलं. ही ती अकरावी.

एप्रिलात एका म्हातारीला वर नेताना सांडूला अर्ध्या चढावर असा दम लागला की चाकाला दगड लावून ट्रॉली थांबवावी लागली. मागून येणारे नातेवाईकही थांबले. मेलेलं माणूस वाटेत ताटकळतंय आणि नेणारा वाकून खोकतोय, हे त्यांच्यादेखत झालं. सांडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छातीच्या डॉक्टरांनी फोटो बघून स्वच्छ सांगितलं, बिडी सोडा, नाहीतर ट्रॉली सोडा. गेटवर खुर्ची टाकून देतो. सांडूला खुर्ची नको होती. त्याला आयुष्यात एकच काम नीट येत होतं, आणि ते हे होतं.

त्याच सुमारास दवाखान्यानं आपल्याच कर्मचाऱ्यांची बिडी-सिगारेट सुटावी म्हणून संगीतोपचाराचा वर्ग काढला. दर गुरुवारी दुपारी, व्यायामाच्या हॉलमध्ये. शिकवायला जोहरा मॅडम, गाण्याच्या शिक्षिका. पहिल्या दिवशी नऊजण आले आणि नऊच्या नऊ एकमेकांची नजर चुकवत बसले, कारण वॉर्डात पेशंटच्या उशीखालची बंडलं जप्त करणारे हेच. चांदपाशा दारातूनच माघारी फिरला.

"गाना सुनके बिडी छूटती तो सारे कव्वाल कायकू पान चबाते रे?" तो म्हणाला, आणि त्या दिवसापुरता स्वतःवरच खूष झाला.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. तलफ येते ती चार-पाच मिनिटांची. तेवढा वेळ एक चाल धरायची, श्वास हळू घ्यायचा आणि चालीवर लांबवत सोडायचा. चाल मात्र ज्याची त्याची. कोणी आरती धरली, कोणी सिनेमातलं गाणं. सांडूला एकच चाल येत होती. पोरगी तान्ही असताना बायको द्वारकाबाई महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा झोळी हलवता हलवता तो जी अंगाई म्हणायचा, ती. शब्द केव्हाच विसरला होता. गुणगुणताना सुरुवातीला त्याला शरम वाटायची, पण सकाळची बिडी गेली, चहानंतरची गेली, संडासातलीही गेली, तेव्हा शरमही गेली.

"मॅडम, पण मयत ठेवल्यावरची जात नाय," एका गुरुवारी त्यानं सांगितलं.

"मग तिथंही तीच चाल धरा. हळू आवाजात."

"शवागारापाशी?"

"तलफ जिथं येते, तिथंच चाल धरावी लागते, मामा."

मॅडमना शवागार ठाऊक नव्हतं आणि सांडूला गाणं. दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवला. पहिल्या दोन खेपांना जमलंही. सांडू दारापाशी उभा राहून गुणगुणला, चांदपाशा भिंतीमागं जाऊन एकटाच ओढत राहिला, आणि दोघांनाही जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

तिसरी खेप बन्सी नावाच्या माणसाची. चौतिशीचा, काविळीनं गेलेला. गावाकडून गाडी यायला वेळ होता म्हणून दुपारी त्याला वर नेलं. दार लावलं आणि सांडूला तलफ आली, ती अशी की हात आपसूक खिसा चाचपायला लागला. त्यानं डोळे मिटून अंगाई धरली. बन्सीची आई आणि धाकटा भाऊ कागदांसाठी खाली गेले असतील अशी त्याची समजूत. ते वळणावरच्या बाकावर बसले होते.

"मजा वाटते का तुम्हाला? माणूस मेलाय आमचा," असं म्हणत त्या भावानं सांडूची गळपट्टी धरली. अंगाई तिथंच तुटली. सांडू तरी काय सांगणार होता? बिडीसाठी म्हणत होतो?

तक्रार झाली. मोठ्या साहेबांनी सांगितलं, गाणं हॉलमध्ये, शवागारापाशी तोंडातून आवाज निघता कामा नये; आणि आधी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून या. सांडूनं मान हलवली. बाहेर येऊन त्यानं टपरीवरून बंडल घेतलं. आता गाणं बंद म्हटल्यावर बिडी चालू, बिडी चालू म्हटल्यावर गेटवरची खुर्ची. त्याला रडायला येत होतं, आणि रागही येत होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

"माफी माँगके आ, फिर दोनों बैठके पीते," चांदपाशानं समजूत घातली. बंडल त्यानंच खिशात ठेवलं.

पाचव्या दिवशी दुपारी चांदपाशानं त्याला गाडीवरून बन्सीच्या गावी नेलं आणि तो बाहेर लिंबाखाली थांबला. दार धाकट्यानं उघडलं. सांडूला ओळखल्यावर तो दारातच आडवा उभा राहिला, पण आतून आईनं हाक मारली तसा बाजूला झाला.

बन्सीची आई, मनकर्णाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. पाच दिवसांत ही बाई रडली नाही म्हणून घरातले काळजीत होते, हे सांडूला नंतर कळलं. त्यानं जमिनीवर बसून हात जोडले.

"माय, माझं चुकलं. माफ करा."

"तुम्हीच का ते? माझ्या बन्सीला निजवत व्हते ते?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. धाकट्याचा राग गेला असता, साहेबांकडं निरोप गेला असता, सांडू भला माणूस ठरला असता. तो शब्द त्याच्या ओठावर आलाही. पण समोरची बाई त्याच्याकडं असं बघत होती की त्याला तो उच्चारवेना.

"नाय माय. खोटं कशाला बोलू? तुमच्या लेकासाठी नव्हतो म्हणत. मला बिडीची तलफ आली व्हती. ती मरावी म्हणून म्हणत व्हतो."

धाकट्यानं झटकन मान वर केली.

"मग मेली का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मरत व्हती. तेवढ्यात थांबावं लागलं."

"तुम्ही कशापायी म्हटलं ते तुमचं तुमच्यापाशी. तिथं निजलेला माझा लेक व्हता." त्यांनी पदर सावरला. "लहानपणी लई किरकिरा. अंगाई मधीच सोडली की टक्क जागा व्हायचा, मग काय केल्या निजायचा नाय. पाच दिवस झाले, माझ्या कानात तेवढीच येतीय, अर्धी. पुरी करा, बाबा."

सांडूनं धाकट्याकडं बघितलं. धाकटा उंबऱ्यावर खाली बसला.

सांडूनं चाल धरली. पहिल्या ओळीलाच खोकला आला. त्यानं पाणी मागितलं, घोटभर घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं श्वास घ्यायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं, तो आपोआप लांबत गेला. जिथं गळपट्टी धरली गेली होती ती जागा आली आणि गेली. मनकर्णाबाईंचा उजवा हात मांडीवरून उचलला जाऊन हळूहळू पुढं-मागं होत होता, झोळीची दोरी ओढावी तसा. त्यांना ते कळत नव्हतं. सांडूला दिसत होतं, पण आता थांबायचं नव्हतं. त्यानं शेवटपर्यंत म्हटली.

"निजला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मग त्या रडल्या. धाकटा उठून त्यांच्याजवळ गेला. सांडूला वाटलं, आता आपलं काम संपलं, उठावं. सव्वीस वर्षं तो याच घटकेला उठून भिंतीमागं जात आला होता. तो उठला नाही. मनकर्णाबाईंचं रडणं ओसरेपर्यंत तो तिथंच मांडी घालून बसून राहिला.

बाहेर लिंबाखाली चांदपाशानं ठरल्याप्रमाणं दोन बिड्या शिलगावल्या होत्या. एक त्यानं ओढली. दुसरी वाट बघून बघून त्याच्या बोटांतच विझली.